सह्याद्रीचा धडा आणि नकाशावरची तपकिरी रेघ

सुकापूर हे पनवेल तालुक्यातले गाव. नवीन पनवेलला लागून, माथेरानच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले. इथे आता इमारती इतक्या झाल्या आहेत, की डोंगर पाहायचा तर गच्चीवर जावे लागते. गच्चीवरून मात्र पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्या मागे माथेरानचा लांबलचक सपाट माथा स्वच्छ दिसतो. उत्तरेच्या बाजूला मलंगगड दिसतो.

सह्याद्रीचा धडा शिकवून झाल्यावर एकदा मी सातवीच्या मुलांना गच्चीवर नेले आणि विचारले, "समोर दिसतो तो कोणता पर्वत?" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले, "सह्याद्री!" "आणि त्याच्या पलीकडे काय आहे?" पुन्हा एका सुरात उत्तर आले, "पुणे!" तेवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पण माझी मावशी नेरळला राहते. ते तर माथेरानच्या पलीकडेच आहे. आणि तिच्या अंगणातून परत पुढे एक मोठा डोंगर दिसतो." बाकीची मुले हसली. आपण काहीतरी चुकीचे बोललो असे वाटून ती गप्प बसली.

खरे तर त्या वर्गात तिचे एकटीचे उत्तर बरोबर होते. बाकीच्यांनी धड्यात शिकलेले सांगितले होते. मीच तो धडा शिकवला होता. तेव्हापासून या धड्याकडे जरा बारकाईने पाहायला लागले. त्यातून जे दिसले ते आपल्यासारख्या शिक्षकांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक खुलासा. मला एखाद्या विशिष्ट पुस्तकाची चूक काढायची नाही. 'सह्याद्रीचा धडा' म्हणताना माझ्या मनात चार गोष्टी आहेत: पुस्तकातला उतारा, भिंतीवरचा प्राकृतिक नकाशा, मार्गदर्शकांतली प्रश्नोत्तरे आणि आपण स्वतः फळ्यावर काढतो ती आकृती. मुलांच्या मनात जो सह्याद्री तयार होतो तो या चारही गोष्टी मिळून. त्यामुळे या टीकेत मीही आलेच.

धडा काय सांगतो?

धड्याचा सांगाडा आपल्या सर्वांना पाठ आहे. सह्याद्री हा कोकण व पठार यांच्या मधला पर्वत. तो दक्षिणोत्तर पसरलेला आहे. त्याला पश्चिम घाट असेही म्हणतात. कळसूबाई हे त्याचे सर्वोच्च शिखर, उंची १,६४६ मीटर. तो राज्यातील प्रमुख जलविभाजक आहे. मग घाटांची यादी येते: थळ, बोर, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली.

यातली बहुतेक वाक्ये बरोबरच आहेत. घाटांची यादी तर मला आवडते, कारण पर्वत माणसांनी कुठे कुठे ओलांडला ते तीत कळते. पुस्तक लिहिणाऱ्याला पाने मोजकी मिळतात, हेही मान्य. अडचण अशी, की ही सगळी वाक्ये मिळून मुलांच्या मनात एक चित्र उमटवतात आणि ते चित्र चुकीचे असते. नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी एक जाड तपकिरी रेघ. त्या रेघेच्या अलीकडे कोकण, पलीकडे पुणे. फळ्यावर आपण तिचा छेद काढतो तेव्हा एक त्रिकोण काढतो, दोन्ही बाजूंना सारखा उतार असलेला. हिमालयालाही आपण तसाच त्रिकोण काढतो, फक्त जरा मोठा.

या चित्राची परीक्षा घ्यायला फार साधने लागत नाहीत. एक साधा प्रश्न पुरतो.

पाणी कुठे जाते?

सह्याद्री जलविभाजक आहे, म्हणजे त्याच्या एका बाजूचे पाणी अरबी समुद्राला आणि दुसऱ्या बाजूचे बंगालच्या उपसागराला जाते. ठीक. हीच कसोटी माथेरानच्या डोंगराला लावून पाहू या. पश्चिम उतारावरचे पाणी गाढी नदीत येते आणि गाढी पनवेलजवळून खाडीला मिळते. म्हणजे अरबी समुद्र. पूर्वेच्या उतारावरचे पाणी नेरळच्या बाजूला उतरते, तिथून उल्हास नदीत जाते. उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असे वळण घेत वसईच्या खाडीला मिळते. तोही अरबी समुद्रच. दोन्ही बाजूंचे पाणी एकाच समुद्रात! म्हणजे सुकापूरच्या गच्चीवरून दिसणारा डोंगर हा जलविभाजक नव्हे. जलविभाजक असलेला मुख्य कडा माथेरानच्या पूर्वेला आणखी वीसएक किलोमीटरवर, भीमाशंकर-खंडाळ्याच्या बाजूला आहे. त्या मुलीच्या मावशीला अंगणातून दिसतो तो हाच.

आता कळसूबाईला तीच कसोटी लावा. या शिखराच्या उत्तरेकडचे पाणी दारणेच्या खोऱ्यात जाते, दक्षिणेकडचे प्रवरेच्या. दारणा आणि प्रवरा दोन्ही गोदावरीला मिळतात. म्हणजे इथेही दोन्ही बाजूंचे पाणी एकाच समुद्रात, फक्त या वेळी तो बंगालचा उपसागर आहे. कळसूबाई मुख्य कड्यापासून पूर्वेकडे निघालेल्या फाट्यावर उभी आहे. जो पर्वत आपण 'जलविभाजक रेघ' म्हणून शिकवतो, त्याचे राज्यातले सर्वोच्च शिखरच त्या रेघेवर नाही.

मुलांना हे सांगण्याऐवजी शोधू द्यावे. नकाशावर नद्या निळ्या रंगाने असतातच. "या डोंगरावर बादलीभर पाणी ओतले तर ते कुठल्या समुद्रात जाईल?" असा प्रश्न दहा ठिकाणांसाठी विचारला, की तपकिरी रेघेची जाडी आपोआप कमी-जास्त होऊ लागते. पश्चिमेकडे तिच्यापासून सुटलेले तुकडे दिसतात, पूर्वेकडे निघालेले फाटे दिसतात.

भिंत की पायरी?

दुसरी परीक्षा रेल्वेने करता येते. स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली त्या ठिकाणची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या मार्गावर कर्जत मुंबईपासून १०० कि.मी. अंतरावर आहे आणि त्याची उंची शंभर मीटरच्याही आत आहे. पुढे २८ कि.मी. गेल्यावर लोणावळा येते, तिथली उंची सुमारे ६२२ मीटर. १८६३ साली सुरू झालेल्या या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. म्हणूनच गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात.

धड्यातल्या त्रिकोणाप्रमाणे लोणावळ्यानंतर गाडी तेवढीच खाली उतरायला हवी. तसे होत नाही. लोणावळ्याहून पुणे ६४ कि.मी. आहे आणि पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर. म्हणजे चढताना २८ कि.मी.त साडेपाचशे मीटर, उतरताना ६४ कि.मी.त फक्त साठ मीटर! पुढे थेट सोलापूरला गेलो तरी आपण साडेचारशे मीटरच्या आसपासच असतो.

तेव्हा हा त्रिकोण नव्हे, पायरी आहे. सह्याद्री ही दख्खनच्या पठाराची उचललेली पश्चिम कड आहे. पश्चिमेकडून तो उंच पर्वत दिसतो, पूर्वेकडून जाणाऱ्याला मात्र कडा पायाखाली येईपर्यंत पर्वत आला हे कळतही नाही. काही पुस्तकांत 'सह्याद्री ही पठाराची कड आहे' असे एक वाक्य असते. पण ते एकटे वाक्य तपकिरी रेघ आणि फळ्यावरचा त्रिकोण यांच्यापुढे टिकत नाही. मुलांच्या डोक्यात चित्र राहते, वाक्य जाते.

गंमत म्हणजे ही पायरी आपल्या भाषेला पहिल्यापासून ठाऊक आहे. आपण 'कोकणात' राहतो आणि 'देशावर' जातो. कोकणात उतरतात, घाटावर चढतात. घाट चढून गेलेला माणूस पलीकडे उतरत नाही, तो वरच राहतो, म्हणून तो 'घाटावरचा'. मराठीत घाट म्हणजे डोंगर ओलांडायची वाट. अख्ख्या पर्वताला 'घाट' म्हणण्याची रीत युरोपीय लोकांच्या लिखाणातून रूढ झाली आणि 'पश्चिम घाट' या रूपाने ती आपल्या पुस्तकांत आली. हा शब्द आता टाळता येणार नाही. पण 'घाट', 'घाटमाथा', 'मावळ', 'देश' आणि 'तळकोकण' या शब्दांचे अर्थ मुलांना घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगितले, तर सह्याद्रीचा छेद त्यांना शब्दांतूनच मिळेल.

ही पायरी कशी तयार झाली? महाराष्ट्रातला सह्याद्री बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि जवळजवळ आडवे थर एकावर एक बसत गेले. हिमालयासारख्या इथे थरांच्या मोठ्या वळ्या पडलेल्या नाहीत. पुढे भारताचा पश्चिम किनारा तयार झाला, पठाराची कड उंच राहिली आणि पश्चिमेकडे वेगाने उतरणाऱ्या नद्या-ओढ्यांनी ती कड कोरून कोरून पूर्वेला मागे ढकलली. मागे सरकताना काही तुकडे पश्चिमेला तसेच शिल्लक राहिले. माथेरान हा त्यांतला एक. त्याचा सपाट माथा म्हणजे एके काळच्या पठाराचाच उरलेला भाग. पावसाळ्यानंतर प्रबळगड-माथेरानच्या कड्यांवर आडवे काळे पट्टे आणि त्यांच्यामधल्या गवताच्या हिरव्या पट्ट्या दिसतात. ते लाव्ह्याचे थर आहेत. हा धडा सुकापूरच्या मुलांना पुस्तक न उघडता वाचता येतो.

४४० कि.मी.चे कोडे

सह्याद्रीची लांबी किती? मार्गदर्शकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत सह्याद्रीची एकूण लांबी १,६०० कि.मी. आणि महाराष्ट्रातली लांबी ४४० कि.मी. हे आकडे वारंवार आढळतात. मुले ते पाठ करतात, आपण त्याला एक गुण देतो.

आता एक छोटे गणित करू. राज्याच्या उत्तर भागातला साल्हेर सुमारे २०°४३′ उत्तर अक्षांशावर आहे. दक्षिणेकडची आंबोली सुमारे १५°५८′ वर. फरक ४°४५′, म्हणजे पावणेपाच अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ कि.मी.चा. ४.७५ गुणिले १११ म्हणजे सुमारे ५२७ कि.मी. हे केवळ उत्तर-दक्षिण सरळ अंतर झाले. साल्हेरच्या उत्तरेलाही डोंगर आहेत, आंबोलीच्या दक्षिणेलाही आहेत, आणि मधला कडा तर नागमोडी आहे. तेव्हा खरी लांबी ५२७ पेक्षा बरीच जास्त भरणार. मग ४४० आले कुठून?

हा प्रश्न आठवीच्या मुलाला सोडवता येतो. अक्षांश भूगोलात शिकवतात, गुणाकार गणितात. तरीही हा आकडा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहतो, कारण तो कुणी मोजत नाही. माझी खरी तक्रार या आकड्याबद्दल नाही. एखादी लांबी 'कशी मोजली' हे सांगितल्याशिवाय ती सांगण्याच्या सवयीबद्दल आहे. नकाशावर दोरा ठेवून कड्याची लांबी मोजा. लहान प्रमाणाच्या नकाशावर दोरा कमी लागेल. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर प्रत्येक दरी-वळण दिसते, म्हणून तिथे मोजलेली लांबी जास्त भरेल. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात. हे एकदा करून पाहिलेले मूल पुढे कुठलाही आकडा डोळे मिटून स्वीकारणार नाही.

सीमेपाशी तुटणारा पर्वत

आपल्या राज्याच्या नकाशात राज्याबाहेरचा भाग पांढरा असतो. त्यामुळे सह्याद्री डांगच्या सीमेवर सुरू होतो आणि गोव्याच्या सीमेवर एकदम संपतो. पुस्तकात 'हा पर्वत सहा राज्यांत पसरला आहे' असे वाक्य असते खरे: गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू. पण त्या वाक्यातून यादीपलीकडे काही हाती लागत नाही.

या पांढऱ्या जागेने तीन गोष्टी झाकल्या जातात.

पहिली गोष्ट शिखरांची. कळसूबाई महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर आहे. 'महाराष्ट्रातले' हा शब्द गळला, की ती 'सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर' होते, आणि तो शब्द मुलांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी गळतो. संपूर्ण पश्चिम घाटातले सर्वोच्च शिखर केरळमधले अनाईमुडी आहे, उंची २,६९५ मीटर. म्हणजे कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून अधिक उंच.

दुसरी गोष्ट खडकांची. बेळगाव-गोव्याच्या पुढे बेसाल्ट संपतो. तिथून दक्षिणेला पर्वत अतिप्राचीन खडकांचा आहे. त्यांतले काही अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत. खडक बदलतो, वय बदलते, तरी पर्वत चालूच राहतो. का? कारण त्याला एकत्र ठेवणारी गोष्ट खडक नसून पठाराची कड आहे. ही कड आणखी दक्षिणेला पालघाटच्या खिंडीत मात्र खरोखर तुटते. तिथे सुमारे तीस कि.मी. रुंदीची सखल वाट आहे आणि रेल्वे बोरघाटासारखा चढ न चढता केरळात जाते. पालघाटची खिंड दाखवली, तर मुलांना पायरी म्हणजे काय हे जास्त चांगले कळेल. पण ती आपल्या पांढऱ्या भागात पडते.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. नकाशावर राज्याची किंवा जिल्ह्याची सीमा पर्वतरांगेलगत गेलेली दिसली, की आपण धरून चालतो की सीमा म्हणजेच जलविभाजक. आंबोली पाहा. हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणजे कोकणात. पण तिथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे आजरा, गडहिंग्लजवरून कर्नाटकात जाते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेमार्गे तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. उलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातली तिलारी पश्चिमेला उतरते, दोडामार्गातून गोव्यात जाते. म्हणूनच तिलारी प्रकल्प महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे.

म्हादई बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होते. सीमा आणि जलविभाजक एकाच जागी असते, तर कर्नाटकाला या नदीबद्दल बोलायचे कारणच नव्हते. तसे नसल्यामुळे वाद उभा राहिला. २०१० साली लवाद नेमला गेला. त्याने २०१८ साली गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट असे पाणी वाटून दिले, आणि तरीही वाद शमला नाही. आपली दहावीची मुले वर्तमानपत्रात या बातम्या वाचतात. तो वाद समजण्यासाठी जे ज्ञान लागते ते सातवीच्या भूगोलाचे आहे, आणि ते आपण दिलेले नसते.

माणसानेही जलविभाजक ओलांडला आहे. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचे पाणी मुळात इंद्रायणी-भीमेतून पूर्वेला जाणारे. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले तेव्हापासून ते घाटाखाली सोडले जाते, त्यावर वीज तयार होते आणि पुढे ते पाताळगंगेला मिळते. पनवेल परिसराला याच पाताळगंगेचे पाणी मिळते. म्हणजे जे पाणी निसर्गनियमाने बंगालच्या उपसागरात जायचे, त्यातले काही आमच्या भागातल्या नळांना येते! केरळमधल्या १८९५ सालच्या मुल्लपेरियार धरणाने उलटा उद्योग केला: पश्चिमेला जाणारे पाणी बोगद्यातून पूर्वेला, तमिळनाडूत नेले. दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली, तर मुलांना कळते की जलविभाजक ही निसर्गाची रेघ आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंना माणसे राहतात.

पर्वताची हद्द कोणी ठरवायची?

या प्रश्नाला सरकारी पातळीवरही एकच उत्तर नाही. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे क्षेत्र १,२९,०३७ चौ.कि.मी. धरले. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये ते १,६४,२८० चौ.कि.मी. धरले. फरक ३५ हजार चौ.कि.मी.हून जास्त, म्हणजे गोव्यासारखी नऊ राज्ये मावतील एवढा! दोन वर्षांत पर्वत वाढला नाही. हद्द ठरवण्याची पद्धत बदलली. एकाने उंची आणि जंगल यांवर अधिक भर दिला, दुसऱ्याने तालुके धरले.

हा फरक केवळ विद्वानांचा नाही. कोणते गाव 'संवेदनशील क्षेत्रात' येते, तिथे खाण किंवा मोठे बांधकाम होईल की नाही, हे या हद्दीवर अवलंबून असते. म्हणून तर २०१४ ते २०२४ या काळात केंद्र शासनाने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. ज्या मुलांना शाळेत पर्वत म्हणजे ठरलेली तपकिरी रेघ असे शिकवले, त्यांना मोठेपणी ही चर्चा समजणार कशी? त्यांना वाटणार, की पर्वत कुठे आहे हे तर सर्वांना ठाऊक आहे, मग वाद कसला?

यादीबाहेरचा डोंगर

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला ते सांगते. १९ जुलै २०२३ च्या रात्री, सलग मुसळधार पावसानंतर, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. हा इर्शाळगड आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या प्रबळ-माथेरानच्याच परिसरातला. पठाराच्या मुख्य कड्यावर तो नाही. मागे राहिलेल्या तुकड्यांपैकी तो एक आहे. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने तेव्हा विधानसभेत सांगितले.

पुस्तकातला धडा चुकीचा म्हणून दरड कोसळली, असे मी म्हणणार नाही. दरडीची कारणे वेगळी असतात: उभा उतार, झिजलेला खडक, त्यावर साठलेली माती आणि तिच्यात मुरलेले पाणी. पण ही चारही कारणे नीट पाहा. त्यांतले एकही 'सह्याद्रीची लांबी', 'सर्वोच्च शिखर' किंवा 'घाटांची यादी' यांत मोडत नाही. सगळी उतार आणि पाणी यांत मोडतात. आपण धड्यात नावे आणि आकडे देतो, आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाला जी गोष्ट कळायला हवी तीच नेमकी सुटते: माझ्या घरामागचा उतार किती उभा आहे, पाऊस पडला की पाणी कुठून येते, मागच्या वर्षी नसलेली भेग या वर्षी दिसते का?

२०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी, २०२४ मध्ये केरळातले वायनाड. माळीण घाटमाथ्यावर, पूर्वेच्या खोऱ्यात. तळिये कोकणच्या बाजूला. इर्शाळवाडी सुटलेल्या तुकड्यावर. वायनाड वेगळ्या राज्यात, वेगळ्या खडकावर. ही चार गावे तपकिरी रेघेवर शोधायला गेलो, तर आपल्या राज्याच्या नकाशात चौथे गाव सापडणारच नाही, आणि पहिल्या तिघांमध्ये काही नाते दिसणार नाही. उताराचा नकाशा काढला तर चारही एका पानावर येतात.

मग वर्गात काय करावे?

नवीन पुस्तक येईपर्यंत थांबायची गरज नाही. मी गेली काही वर्षे या धड्याच्या तासांना पुढील गोष्टी करते.

१) छेद काढणे. कर्जत, लोणावळा, पुणे यांची अंतरे आणि उंची घेऊन आलेख कागदावर छेद काढायला सांगते. आडवे प्रमाण १ सें.मी. = १० कि.मी., उभे १ सें.मी. = १०० मीटर. कर्जत ते पुणे ९ सें.मी.च्या आसपास येते. पायरी लगेच दिसते. नंतर विचारते, "उभे प्रमाणही १ सें.मी. = १० कि.मी. घेतले असते, तर लोणावळा किती उंच आले असते?" उत्तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त, म्हणजे जवळजवळ पेन्सिलीच्या रेघेइतके. आकृतीत डोंगर नेहमी ताणून उंच केलेला असतो, हे मुलांना तेव्हा कळते.

२) पाण्याचा माग. आपल्या गावातून दिसणारा डोंगर घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी समुद्रापर्यंत नकाशावर बोटाने न्यायचे. दोन्ही बोटे एकाच समुद्राला पोचली, तर तो मुख्य जलविभाजक नाही.

३) दोन रंगांच्या रेघा. भारताच्या नकाशावर पातळ कागद ठेवून एका रंगाने राज्यांच्या सीमा आणि दुसऱ्या रंगाने जलविभाजक काढायचा. दोन्ही रेघा कुठे जुळतात, कुठे फाकतात ते पाहायचे. फाकलेल्या प्रत्येक ठिकाणी एखादी नदी आणि बहुधा एखादी बातमी असते.

४) घरामागचा उतार. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने असतात. जिथे रेषा दाट तिथे उतार उभा. आपल्या परिसरातली घरे आणि वाड्या कोणत्या रेषांमध्ये आहेत, ते मुलांनी खुणावायचे. हे काम सावकाश करावे. घाबरवण्याचा हेतू नसावा, पाहण्याची सवय लागावी एवढेच.

या चार गोष्टींना मिळून तीन-चार तासिका जातात. घाटांची यादी पाठ करून घ्यायला साधारण तेवढ्याच लागतात.

यंदा छेदाची आकृती काढून झाल्यावर मी मुलांना पुन्हा गच्चीवर नेले आणि तोच प्रश्न विचारला, "त्याच्या पलीकडे काय आहे?" या वेळी उत्तर यायला वेळ लागला. कुणी नेरळ म्हणाले, कुणी उल्हास नदी. एक मुलगा म्हणाला, "बाई, आधी खाली उतरायचं, मग परत चढायचं, आणि मग उतरायचंच नाही." परीक्षेत असे लिहिले तर त्याला किती गुण मिळतील, सांगता येत नाही. मी मात्र त्याला पूर्ण गुण दिले.

आपल्या गावाहून कोणता डोंगर दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी कुठे जाते, ते वर्गाबरोबर शोधून आम्हांला जरूर कळवावे.